जुनं वेम्बली स्टेडियम: इंदूरच्या मंडळींचे नेहमीचे प्रश्न

मे महिन्यात एफए कपची, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेची, फायनल जवळ आली की रामबागेतल्या आमच्या मॅच बघणाऱ्या कंपूत दरवर्षी तेच प्रश्न निघतात. पोरांच्या लेखी लंडनमधलं कमानीचं वेम्बली हेच खरं वेम्बली. काका लोकांना दोन मनोऱ्यांचं आठवतं. आणि गप्पा रंगल्या की कुणीतरी महूचं नाव काढतोच. म्हणून म्हटलं, उत्तरं एकदाची लिहूनच टाकू.

वेम्बली तर उभंच आहे. मग पाडलं ते काय?

आता टीव्हीवर दिसतं ते, डोक्यावर पांढरी कमान असलेलं स्टेडियम, २००७ साली उघडलं. त्याच जागी १९२३ पासून दुसरं स्टेडियम होतं. दर्शनी बाजूला घुमटाचे दोन पांढरे मनोरे होते आणि घुमटांवर झेंड्याच्या काठ्या. ते ऑक्टोबर २००० मध्ये बंद झालं, आणि २००२-०३ मध्ये पाडलं. खाली सगळीकडे बोलणं त्याच्याबद्दल आहे.

ते फुटबॉलसाठीच बांधलं होतं ना?

नाही हो. ते बांधलं प्रदर्शनासाठी. १९२४-२५ मध्ये लंडनच्या वेम्बली भागात ब्रिटिश साम्राज्याचं अवाढव्य प्रदर्शन भरलं, त्याचा हा मध्यवर्ती आखाडा. नावही 'एम्पायर स्टेडियम'. प्रदर्शनात भारताचं दालन होतं आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी सजवलेली एक खोलीसुद्धा होती.

सिम्पसन आणि आयर्टन हे वास्तुरचनाकार, ओवेन विल्यम्स हा इंजिनियर. काँक्रीटचं हे धूड ३०० दिवसांत उभं राहिलं, खर्च साडेसात लाख पौंड. प्रदर्शनाच्या वर्षभर आधीच ते तयार झालं, म्हणून २८ एप्रिल १९२३ ला तिथे एफए कपची फायनल घेतली. फुटबॉलचा शिरकाव झाला तो असा. प्रदर्शन आटोपल्यावर स्टेडियम पाडून टाकायचं असाच मूळ बेत होता, हे विशेष.

त्याआधी त्या जागेवर काय होतं?

एक अर्धवट मनोरा, तोही पाडलेला. एडवर्ड वॉटकिन नावाच्या रेल्वे कंपनीच्या अध्यक्षाला आयफेल टॉवरपेक्षा उंच टॉवर बांधायचा होता. टॉवर बघायला लोक येतील, येतील ते आपल्याच रेल्वेने येतील, असा हिशोब. पहिला मजला झाला, १८९६ मध्ये लोकांसाठी उघडलाही. मग पाया खचू लागला, पैसा आटला, १९०१ मध्ये वॉटकिनही गेला. उरलेला सांगाडा १९०७ मध्ये सुरुंग लावून उडवला. लोक त्याला 'वॉटकिनचा मूर्खपणा' म्हणत. पुढे २००२ मध्ये जुनं स्टेडियम पाडताना त्या टॉवरचा पाया पुन्हा जमिनीतून वर आला.

पांढऱ्या घोड्याची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, फक्त घोडा पांढरा नव्हता.

पहिलीच फायनल, बोल्टन वॉन्डरर्स विरुद्ध वेस्ट हॅम युनायटेड. वेस्ट हॅम लंडनचंच, नवं स्टेडियम बघायची हौस, दिवस शनिवारचा, आणि तिकीट दारात मिळणार. स्टेडियमची क्षमता सव्वा लाखाच्या आसपास. नोंदलेली गर्दी १,२६,०४७, पण कुंपणावरून चढून, फाटकं ओलांडून आत घुसलेले धरले तर दोन लाखांच्या वर माणूस होतं असा अंदाज आहे. पावणेदोनला दारं बंद केली, तरी लोंढा थांबला नाही. बघता बघता सगळं मैदान माणसांनी भरून गेलं, हिरवळ दिसेना. राजे पंचम जॉर्ज येऊन बसलेले, आणि खेळायला जागा नाही.

मग घोडेस्वार पोलीस आणले. त्यातल्या जॉर्ज स्कोरी या शिपायाचा घोडा बिली. रंगाने तो करडा, पण त्या काळच्या कृष्णधवल फिल्ममध्ये काळ्या गर्दीत पांढराशुभ्र दिसला आणि तेच नाव चिकटलं. स्कोरी एकटा नव्हता, पण लोकांच्या लक्षात राहिला तो आणि त्याचा बिली. घोडे हळूहळू लोकांना मागे रेटत गेले, माणसं एकमेकांचे हात धरून टचलाइनवर साखळी करून उभी राहिली, आणि पाऊण तास उशिरा मॅच सुरू झाली.

दोन मिनिटांत डेव्हिड जॅकने गोल केला. जाळीच्या मागे लोक इतके चिकटून उभे होते की तो बॉल लागून एक प्रेक्षक आडवा झाला. आणि वेस्ट हॅमचा एक खेळाडू थ्रो-इन करून गर्दीतच अडकलेला, त्याला मैदानात परत यायला वाट मिळेना! दुसरा गोल जॅक स्मिथचा. वेस्ट हॅमवाले म्हणाले बॉल पोस्टला लागून परत आला. रेफ्री म्हणाला, आत गेला आणि मागच्या गर्दीला आपटून बाहेर आला. हाफटाइमला ड्रेसिंग रूमपर्यंत पोचणं अशक्य, म्हणून दोन्ही टीम मैदानातच थांबल्या. बोल्टन २-० ने जिंकलं.

पुढच्या वर्षापासून फायनलची तिकिटं आधी काढावी लागू लागली. आज नव्या स्टेडियमजवळ एक पादचारी पूल आहे, त्याला 'व्हाइट हॉर्स ब्रिज' असं नाव दिलंय. करड्याचा पांढरा झाला तो कायमचाच.

प्रदर्शन संपल्यावर पाडायचं ठरलं होतं, मग वाचलं कसं?

कुत्र्यांमुळे. ज्यांना वेम्बली म्हणजे फुटबॉलचं देऊळ वाटतं त्यांना हे पटत नाही, पण त्या देवळाचं पोट वर्षानुवर्षं भरलं ते कुत्र्यांच्या शर्यतींनी.

प्रदर्शन तोट्यात गेलं. बाजूचे एकेक मंडप पाडून भंगारात विकायचे होते आणि ते काम घेतलं आर्थर एल्विनने. हा पठ्ठ्या प्रदर्शनातच तंबाखू-सिगारेटच्या टपरीवर कामाला होता! भंगारात त्याने चांगला पैसा केला आणि १९२७ मध्ये स्टेडियमच विकत घेतलं. किंमत १,२७,००० पौंड, त्यातले रोख १२,०००, बाकीचे दहा वर्षांत हप्त्याने. म्हणजे आजूबाजूचं सगळं ज्याने पाडलं त्यानेच स्टेडियम मात्र राखलं. मला त्या सगळ्या इतिहासात सगळ्यात आवडता माणूस हाच.

फुटबॉलची फायनल वर्षातून एक. इंग्लंडच्या मॅचही थोड्याच. त्यावर एवढ्या इमारतीचं रंगकामसुद्धा निघालं नसतं. एल्विनने डिसेंबर १९२७ मध्ये ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती सुरू केल्या, त्यावर लोक पैसे लावत. मग मोटारसायकलींच्या स्पीडवे शर्यती आल्या, १९२९ पासून रग्बी लीगची फायनल आली. कुत्र्यांचा ट्रॅक १९९८ च्या डिसेंबरपर्यंत चालू होता.

१९६६ च्या वर्ल्ड कपमध्ये कुत्र्यांमुळे मॅच हलवली होती म्हणतात, हे थाप वाटतं.

थाप नाही. १५ जुलै १९६६, शुक्रवार, उरुग्वे विरुद्ध फ्रान्स. वेम्बलीवर त्या दिवशी कुत्र्यांची ठरलेली शर्यत होती आणि मालकांनी ती रद्द करायला साफ नकार दिला. वर्ल्ड कपची मॅच उचलून व्हाइट सिटी स्टेडियमवर नेली. उरुग्वे २-१ ने जिंकलं. व्हाइट सिटीही पुढे १९८५ मध्ये पाडलं.

त्याच वर्ल्ड कपच्या फायनलमधला तो गोल होता की नव्हता?

यावर आमच्याकडे दोन मित्र आठवडाभर बोलत नव्हते, म्हणून थोडक्यात. ३० जुलै १९६६, इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी, ९० मिनिटांत २-२. एक्स्ट्रा टाइममध्ये जेफ हर्स्टचा फटका आडव्या दांड्याच्या खालच्या बाजूला लागून खाली आपटला. रेफ्री डीन्स्टने लाइन्समन तोफिक बहरामोव्हला विचारलं, त्याने होकार दिला, ३-२. शेवटच्या क्षणी हर्स्टने आणखी एक मारला आणि इंग्लंड ४-२ ने जिंकलं. फिल्म पन्नास वेळा पाहिली तरी बॉल पूर्ण रेषेपलीकडे गेलेला दिसत नाही, असं माझं मत. बहरामोव्ह अझरबैजानचा, बाकूच्या स्टेडियमला त्याचंच नाव आहे. तो दांडा नव्या वेम्बलीत जपून ठेवलाय.

यात भारताचा काय संबंध? आणि महूचा?

याच प्रश्नासाठी खरं तर बाकीचं सगळं लिहिलंय.

१९४८ चं ऑलिम्पिक लंडनला झालं. युद्धानंतरची टंचाई, रेशन चालू, नवं स्टेडियम बांधायला ना पैसा ना सिमेंट. वेम्बली आयतं उभं होतं, म्हणून तिथेच ट्रॅक अंथरून खेळ उरकले. स्टेशनपासून स्टेडियमपर्यंतचा तो प्रसिद्ध रस्ता त्याच वेळी जर्मन युद्धकैद्यांच्या हातून झाला. २९ जुलैला उद्घाटनाच्या संचलनात स्वतंत्र भारताचं पथक पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये चाललं. तिरंगा होता तालिमेरेन आओ यांच्या हातात. ते फुटबॉल टीमचे कॅप्टन, मूळचे नागा टेकड्यांमधले.

१२ ऑगस्टला हॉकीची फायनल, याच वेम्बलीवर. समोर ग्रेट ब्रिटन. १९२८, ३२ आणि ३६ अशी तीन सुवर्णपदकं भारताने आधीच घेतली होती, पण ती इंग्रजांच्या राज्यात, त्यांच्या झेंड्याखाली. आणि त्या तिन्ही वेळा ब्रिटनची टीम हॉकीत उतरलीच नव्हती. त्यामुळे या मॅचला काय धार असेल ते सांगायला नको. स्वातंत्र्याला वर्ष व्हायला तीन दिवस कमी होते.

भारताचे कॅप्टन होते किशनलाल. जन्म १९१७, महू. इंदूरहून वीसेक किलोमीटर! छावणीचं गाव, पलटणीची मैदानं, आणि हॉकीचं वेड. किशनलाल तिथे आधी पोलो खेळत, मग हॉकीकडे वळले आणि राइट विंगचे बादशहा झाले. पुढे रेल्वेत नोकरी, रेल्वेकडूनच खेळणं.

त्या दिवशी वेम्बलीवर पावसाने मैदान ओलं, मऊ झालेलं. बॉल अडतोय, पाय रुततोय. भारताचा खेळ छोट्या पासांचा, कोरड्या कडक मैदानावर तयार झालेला. महूच्या उन्हात तापलेल्या जमिनीवर बॉल कसा पळतो ते ज्याने पाहिलंय त्याला फरक कळेल. चिखल ब्रिटनच्या सवयीचा. तरीही पहिल्या हाफमध्येच बलबीरसिंग सीनियर यांनी दोन गोल केले. नंतर पॅट्रिक जॅन्सन आणि त्रिलोचनसिंग यांनी एकेक. ४-० असा निकाल लागला. सुवर्णपदकासाठी तिरंगा वर गेला तो ज्यांचं राज्य वर्षापूर्वी संपलं त्यांच्याच राजधानीत, 'एम्पायर' नावाच्या स्टेडियमवर.

वेम्बलीच्या थोर मॅचच्या याद्या इंग्रज लोक काढतात, त्यात ही मॅच फारशी नसते. आपल्या यादीत ती पहिली हवी. किशनलाल यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि महूचं एवढ्यावर भागलं नाही: गोलकीपर शंकर लक्ष्मण हेही महूचेच, मराठा लाइट इन्फंट्रीतले, १९५६ ते ६४ लागोपाठ तीन ऑलिम्पिक, त्यात दोन सुवर्ण. पण ते वेम्बलीनंतरचं प्रकरण.

मग १९४८ ला आपली फुटबॉल टीम वेम्बलीवर खेळली का?

नाही. आपली एकच मॅच झाली, लंडनच्या इलफर्ड भागात, फ्रान्सविरुद्ध. बहुतेक जण अनवाणी खेळले, दोन पेनल्टी वाया घालवल्या, रामन यांचा एक गोल, आणि १-२ ने हरलो. वेम्बलीवरच्या फायनलमध्ये स्वीडनने युगोस्लाव्हियाला ३-१ ने हरवलं.

आणि खाशाबा जाधव?

त्याच ऑलिम्पिकला होते, सहावे आले. कुस्त्या वेम्बली स्टेडियमवर नव्हत्या. पदक १९५२ चं, हेलसिंकीचं.

इंग्लंड तिथे कधी हरायचंच नाही, असं आजोबा सांगतात.

आजोबांना २५ नोव्हेंबर १९५३ ची आठवण करून द्या. हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ ने धुतलं. हिडेगकुटीचे तीन, पुष्काशचे दोन. त्याआधी १९२८ मध्ये स्कॉटलंडने ५-१ ने हरवलं होतं. १९७७ मध्ये स्कॉटलंड जिंकल्यावर त्यांचे पाठीराखे मैदानात घुसले, गोलपोस्ट मोडला आणि हिरवळीचे तुकडे घरी घेऊन गेले.

स्टेडियम म्हणून ते खरंच चांगलं होतं का?

माझं मत विचाराल तर नव्हतं. मनोरे, ते ३९ पायऱ्या चढून कप घ्यायला जाणं, गाणी, सगळं कबूल. पण बसलेल्या माणसाला मॅच दिसायला हवी की नको? कुत्र्यांच्या ट्रॅकमुळे प्रेक्षक मैदानापासून लांब फेकलेले. १९६३ मध्ये सगळ्यांच्या डोक्यावर छप्पर आलं, पण ते तोलायला खांब उभे, आणि तुमचं तिकीट खांबामागचं निघालं तर अर्धा गोलपोस्ट मनातल्या मनात पाहायचा. स्वच्छतागृहं ३६१ होती असं सांगतात. नव्या स्टेडियममध्ये २,६१८ आहेत. हाफटाइमला लाखभर माणसांची रांग डोळ्यांसमोर आणा.

१९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत ९७ लिव्हरपूल समर्थकांचा जीव गेला. त्यानंतर मोठ्या मैदानांवर उभ्याने मॅच बघणं बंद झालं. वेम्बलीवरही सगळीकडे खुर्च्या आल्या आणि लाखाची क्षमता ऐंशी हजारांच्या घरात उतरली. जुन्या पायऱ्यांवर खुर्च्या ठोकल्या, म्हणून पाय ठेवायलाही जागा अपुरी. डागडुजीने हे सुधारण्यासारखं नव्हतं.

शेवटची मॅच कोणती?

७ ऑक्टोबर २०००, इंग्लंड विरुद्ध जर्मनी. निरोपाच्या मॅचला समोर जर्मनीच म्हटल्यावर काय होणार? पाऊस चालू, चौदाव्या मिनिटाला डीटमार हामानने लांबून फ्री किक मारली, ओल्या मैदानावरून बॉल सरपटत गोलकीपर सीमनला चकवून आत. ०-१. जुन्या वेम्बलीवरचा तो शेवटचा गोल. इंग्लंडचे मॅनेजर केविन कीगन यांनी मॅच संपल्यावर तिथेच राजीनामा दिला. तेही अधिकाऱ्यांशी स्वच्छतागृहात बोलून, कारण एकांत मिळेल अशी दुसरी जागा नव्हती. त्याआधी मे महिन्यात झालेली शेवटची एफए कप फायनल चेल्सीने ॲस्टन व्हिलाविरुद्ध १-० ने जिंकली, गोल डी मॅटेओचा.

बंद झालं २००० मध्ये, पाडलं २००२ मध्ये. मधे काय चाललं होतं?

पैशाची जमवाजमव. कर्जं ठरता ठरता दोन वर्षं गेली, स्टेडियम कुलपात. इंग्लंडची टीम गावोगावच्या मैदानांवर खेळत फिरली आणि एफए कपची फायनल २००१ ते २००६ वेल्समधल्या कार्डिफला गेली. नवं स्टेडियम २००६ च्या फायनलला तयार व्हायचं होतं, तेही लांबलं आणि २००७ उजाडलं. सरकारी पूल फक्त आपल्याकडेच रखडतात असं नाही.

मनोरे तरी ठेवायला काय हरकत होती?

यावर इंग्लंडमध्येही पुष्कळ आरडाओरडा झाला. मनोरे संरक्षित वास्तूंच्या यादीत होते, तरी पाडायला परवानगी मिळाली. नव्या स्टेडियमचा घेर मोठा, मनोरे मधे येत होते. आणि ते दगडाचे असते तर चिरे मोजून, नंबर घालून दुसरीकडे रचता आले असते. १२६ फुटांचं काँक्रीट तसं उचलता येत नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये ते गेले. मला विचाराल तर स्टेडियम पाडलं ते योग्यच, पण मनोऱ्यांवर फुली मारण्याची घाई झाली. त्यांच्या जागी ओळख म्हणून १३३ मीटर उंच आणि ३१५ मीटर लांब कमान आली, जिच्यावर छपराचा बराच भार आहे. निदान ती काहीतरी काम करते. मनोरे नुसतेच शोभेचे होते.

एवढा राडारोडा टाकला कुठे?

पश्चिम लंडनमध्ये, नॉर्थोल्टला. हमरस्त्याकडेला चार गोल टेकड्या रचल्या, वर माती-गवत, झालं उद्यान. नाव नॉर्थाला फील्ड्स. तिथे आणखीही बांधकामांचा मलबा आला. तो टाकायचे बांधकामवाल्यांकडून पैसे घेतले आणि त्यातूनच उद्यान झालं. आपल्या महापालिकेने ही युक्ती टिपून ठेवावी.

इंदूरला असं काही झालंय का?

पाडलेलं नाही, पण खेळ उठून गेल्याचं उदाहरण आहे. नेहरू स्टेडियमवर २५ डिसेंबर १९९७ ला भारत-श्रीलंका वनडे तीन ओव्हरनंतर थांबवली, पिच धोकादायक म्हणून. त्याच मैदानावर ३१ मार्च २००१ ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध सचिनने वनडेतल्या दहा हजार धावा पूर्ण केल्या. २००६ पासून मोठ्या मॅच उषाराजे, म्हणजे आताच्या होळकर स्टेडियमवर होतात. नेहरू स्टेडियम जागेवर आहे.

लंडनला गेलो तर जुन्या वेम्बलीचं काय बघायला मिळेल?

मेट्रोने वेम्बली पार्क स्टेशनला उतरा आणि कैद्यांनी केलेल्या त्या रस्त्याने सरळ चालत जा. स्टेडियमची टूर घेतली तर ६६ चा दांडा दिसतो, आणि राजेशाही कक्षापर्यंतच्या १०७ पायऱ्या चढता येतात. जुन्या ३९ ऐवजी आता एवढ्या आहेत, गुडघे सांभाळा. एका मनोऱ्याचा माथा जवळच्या नीस्डन भागात, सेंट राफेल वसाहतीच्या बागेत ठेवलाय. हाताशी अर्धा दिवस असेल तर नॉर्थाला फील्ड्सच्या सगळ्यात उंच टेकडीवर जा, तिथून वेम्बलीची कमान दिसते. मॅच किंवा कॉन्सर्टच्या दिवशी टूर नसते, म्हणून तिकीट काढण्याआधी तारखा तपासा.